हाकेपर्यंतची चित्रं

४ फेब्रुवारी

अहो,

कागद हातात घेतला म्हणजे मी नमले असं समजू नका. फोनवर तुम्ही नुसतं "हं, हं" करता, आणि माझं सगळं सांगून झालं की विचारता, "बाकी तू कशी आहेस?" मग इतका वेळ मी काय भिंतीला सांगत होते? त्यापेक्षा कागद बरा.

काल तुमची प्रदर्शनवाली बाई आली होती. तीच, संग्रहालयातली, केस पोरासारखे कापलेली. चपला काढून मागच्या खोलीत फरशीवर बसली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेली तुमची चित्रं एकेक वळवून बघत राहिली. तुमचं आयुष्यभराचं काम एका जागी लावणार म्हणाली. सगळी दालनं तुम्हालाच दिलीत. मला बरं वाटलं. तोंडावर दाखवलं नाही.

मग तिने विचारलं, "मावशी, प्रत्येक जुन्या चित्राचा खालचा उजवा कोपरा कोरा कसा? त्या कोपऱ्यावर आम्ही मोठमोठी भाषणं ऐकलीत."

मी म्हटलं, "तिथे पोचेपर्यंत जेवण व्हायचं."

तिला काही कळेना. मग सगळं उलगडून सांगावं लागलं. हा माणूस वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करतो, दुकानांच्या पाट्या रंगवायची जुनी सवय, आणि खाली उजवीकडे उतरत येतो. मोठं चित्र असलं तर आठवडा जाईल, पण शेवट ठरलेला. पहिल्या हाकेला "आलो". दुसऱ्या हाकेला "आलोच". तिसऱ्या वेळी मी दारात जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "पुरे! चित्र कुठे पळून चाललंय? जेवण निवतंय." मग ब्रश डब्यात. जेवून उठलं की कोपरा तेवढा राहिलेलं ते चित्र भिंतीकडे वळायचं आणि परत त्याला हात लागायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं.

बाई हसून हसून लोळायची बाकी राहिली. म्हणाली, "म्हणजे तो कोपरा तुमचा आहे."

"कोरा कोपरा कुणाचा असतो होय?" मी म्हटलं.

पण जाताना ती दारात घुटमळली. मग कळलं खरं कारण. तुम्ही संग्रहालयाला कळवलंय म्हणे, की भिंतीवर लावण्याआधी सगळी चित्रं तुमच्याकडे स्टुडिओत यायला हवीत. तुम्हाला ती पुरी करायची आहेत. टेम्पोसुद्धा ठरवलात. बाई म्हणाली, "ते मन लावून करतील यात शंका नाही, पण..." आणि चपला घालायला वाकली.

तुमच्या चित्रांतलं मला कळत नाही हे तुम्हीच सांगता. पण 'पण' मला कळतो.

तेव्हा सरळ लिहा, त्या चित्रांचं काय करणार आहात? आणि अक्षरात लिहा. मागे मी विचारलं होतं, जाडं पांघरूण पाठवू का, तर तुम्ही पांघरुणाचं चित्र पाठवलंत. त्यावरून हो समजायचं का नाही?

१३ फेब्रुवारी

अहो,

तुमचं पत्र मिळालं. चार ओळी का होईना, अक्षरात आहेत.

लिहिता, की ही सगळी अर्धी चित्रं आहेत. लोकांनी जन्मभर अर्ध्या चित्रांना टाळ्या वाजवल्या आणि आता तुम्हाला त्याची लाज वाटते. डोळे मिटायच्या आत सगळी पुरी करायची आहेत. आणि शेवटी लिहिलंत, "इथे शांतता आहे, वेळ आहे, कुणाची घाई नाही."

ती 'कुणाची' म्हणजे कोण ते मला ठाऊक आहे. नाव लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

तुम्हाला मोठं बक्षीस मिळालं तेव्हा आपल्याकडे पंगत बसली होती. चित्रशाळेचे मुख्य, त्यांची बायको, वर्तमानपत्रवाले दोघं. मी वाढत होते. कुणीतरी त्या कोऱ्या कोपऱ्याचं विचारलं आणि तुम्ही म्हणालात, "माझं एकही चित्र पुरं झालं नाही, आणि त्याचं सगळं श्रेय हिच्या घाईला." काय हशा पिकला! मीही हसले. हातात गरम पातेलं होतं, दुसरं काय करणार? मग तुम्ही तो मोठ्या शहरातला उत्तरेच्या खिडकीचा स्टुडिओ घेतलात. मला विचारलंत, "येतेस का?" निघालेल्या पाहुण्याला "जेवून जाता का?" विचारतात ना, तसं. मी म्हटलं, माझं शिलाईचं मशीन इथे आहे. झालं.

भांडायला लिहीत नाहीये. मशीन अजून चालू आहे. मालकाने ट्रकांच्या ताडपत्र्यांसाठी नवं मशीन आणलंय, त्याची सुई पाहिलीत तर घाबराल. नव्या मुली त्याला हात लावायला भितात, म्हणून ते माझ्याच गळ्यात.

याच ताडपत्र्यांच्या दुकानात तुम्ही पहिल्यांदा आला होतात. आठवतं का? एका कानाला पिवळा रंग, कोपराला लाल. मालकाला म्हणालात, "तंबूचं जुनं कापड आहे का? फाटकं चालेल."

मालक म्हणाला, "फाटक्याचं काय करणार?"

"चित्र काढीन."

"मग फाटकंच न्या. लोकांना फाडायचे कष्ट नकोत."

मी मशीनवर हसले. तुम्ही मालकाकडे न बघता माझ्याकडे बघितलंत. मी कुणी सांगितलं नसताना दोन तुकडे जोडून दिले, दुहेरी शिवण घालून. त्याच्यावर तुम्ही वीटभट्टीच्या बायका काढल्यात, दुपारच्या सुट्टीत बसलेल्या. मग बस डेपो. मग कोरड्या नदीत उतरलेले वाळूचे ट्रक. आज शहरातले लोक येऊन म्हणतात, मातीतला माणूस, नवी नजर. तेव्हा कुत्रं फिरकत नव्हतं. तुमचं पहिलं प्रदर्शन वाचनालयाच्या हॉलमध्ये होतं. लोक यायचे ते उन्हातून सावलीला. एकाने तुम्हाला विचारलं, "आजचा पेपर कुठे असतो?" आणि तुम्ही उठून त्याला पेपर आणून दिलात. मी तर कपाळावर हात मारला होता.

ते भट्टीच्या बायकांचं चित्र दातांच्या डॉक्टरने नेलं. पहिलं विकलेलं चित्र. त्याच्या दवाखान्यात बाकड्यासमोर लावलं. माझी दाढ सुजली तेव्हा गाल धरून मी त्याच्याचसमोर बसले होते. शेजारची बाई म्हणाली, "दुखणं थांबत नाही या चित्राने, पण आत हाक मारेपर्यंत बसवतं." घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही आठवडाभर शीळ घालत फिरत होतात. बक्षिसाच्या दिवशीसुद्धा तेवढे खूश नव्हतात.

तर ऐका. ती चित्रं मी पाठवणार नाही. टेम्पो आला तर रिकामा जाईल.

२२ फेब्रुवारी

अहो,

टेम्पो आला आणि रिकामा गेला. तुम्हाला टेम्पोवाल्याने सांगितलंच असेल.

माणूस भला होता. "मावशी, इथे सही करा," म्हणाला. मी म्हटलं, "मालच देत नाही तर सही कसली?" त्याने डोकं खाजवलं. चहा घेतला. मग इतक्या लांबून आलोय तर काय न्यायचं होतं ते तरी बघू म्हणून मागच्या खोलीत गेला. बस डेपोच्या चित्रासमोर उभा राहिला. "हा ड्रायव्हर झोपलाय ना? याला पाय नाहीत."

मी म्हटलं, "पाय कोपऱ्यात आले. तोवर आमचं जेवण झालं होतं."

"बरंय," म्हणाला. "पाय असते तर मालकाने उठवला असता."

त्याच्याबरोबर तुमचा लोकरी बनियन पाठवलाय. घाला, त्याचं चित्र काढत बसू नका.

आता तुम्ही लिहिलंय त्याचं. तुम्हाला झोपलेल्या लेकीचं चित्र आधी हवंय. तिचा दुसरा हात काढायचा राहिलाय म्हणता. राहिलाय खरा. मी मशीनवर होते, ती कापडाच्या ढिगावर झोपली होती, ताडपत्रीच्या वासात पोरीला काय झोप लागायची! तुम्ही डोकं काढलंत, पाठ काढलीत, एक मूठ काढलीत. आणि तेवढ्यात ती उठून भोकाड पसरायला लागली, तशी मी ओरडले, "पुरे झालं, हिला घ्या आधी!" तुम्ही रंगाच्या हातांनी तिला घेतलंत. तिच्या पाठीवर निळे डाग पडले, ते धुताना मी तुम्हाला काय काय बोलले ते लिहीत नाही.

तो हात आता कुठून आणणार आहात? तिचा हात मोठा झाला. हॉस्पिटलात लोकांना सुया टोचतो, रात्रपाळीला रजिस्टर भरतो, साबणाने सालटं निघालीत त्याची. तिथे चित्रात नुसतं कापड आहे, माझ्या टाक्यांसकट. मी ते चित्र बघते तेव्हा मला वाटतं, हात पांघरुणाखाली असेल. तुम्ही काढलात तर तो पांघरुणाखाली राहणार नाही.

मला नीट सांगता येत नाही. तुम्हाला समजलं तर समजा.

१ मार्च

काय केलंत हे?

प्रदर्शनवालीचा फोन आला. दातांच्या डॉक्टरने आपलं चित्र प्रदर्शनासाठी दिलं, आणि धूळ पुसायची म्हणून तुम्ही ते वाटेत स्टुडिओत उतरवून घेतलंत. आणि कोपऱ्यात गवत काढलंत.

गवत! पातं न् पातं काढलंय म्हणे, प्रत्येकावर उजेड. डॉक्टर बघायला आले. चष्मा पुसला, परत बघितलं आणि तुम्हालाच विचारलं, "माझं चित्र कुठंय?" तुम्ही म्हणालात, "आता पुरं झालं." ते तसेच रंगाच्या डब्यावर बसले. पॅन्ट खराब झाली त्यांची. तरी उठले नाहीत.

त्या भट्टीवर जन्मात कधी गवत उगवलंय? बकरीसुद्धा विश्वास ठेवायची नाही. त्या बायका बसल्यात, त्यांच्या पलीकडे काही नाही, नुसतं कापड, म्हणून तर बघणाऱ्याला त्यांच्या बाजूला टेकायला जागा होती. तुम्ही ती जागा भरून टाकलीत.

मी मशीनवर इतकी चिडले की ती जाडी सुई मोडली. मालक बाहेर आला. माझं तोंड बघूनच आत गेला.

मग डबा खाताना वाटलं, हा माणूस भट्टीच्या दारात वाढला. याच्या बापाने डोक्यावर विटा वाहिल्या. तिथली माती कुठल्या दिवशी कसली दिसते हे याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तो तिथे गवत काढणार नाही. काढलं, म्हणजे याला काहीतरी झालंय.

मी लेकीला फोन केला. सुट्टी घे आणि बापाला बघून ये म्हटलं. ती म्हणाली, "तू का नाही जात?" मी फोन ठेवला.

९ मार्च

अहो,

आज रागाने लिहीत नाहीये. सावकाश वाचा.

लेक परत गेल्यावर तिने मला सगळं सांगितलं. तुम्ही संग्रहालयाच्या मोठ्या दर्शनी भिंतीसाठी जे चित्र करताय, शहरात गेल्यापासून करताय, त्याचं आधी सांगितलं. म्हणाली, "आई, इतके थर चढलेत की खरवडून काढले तर खोली बांधता येईल." मी रंग विचारला तर म्हणाली, "कालच्या चहाचा."

मग म्हणाली, ती आली तेव्हा कूकर शिट्ट्या मारत होता. एकामागून एक. खालचा दुकानदार वर येऊन दार ठोठावून गेला होता. आणि तुम्ही कूकरकडे पाठ करून चित्रासमोर बसलेले. तिने "बाबा" म्हणून हाक मारली. मोठ्याने मारली. स्टीलचं ताट मुद्दाम खाली टाकलं. तुम्ही हललासुद्धा नाहीत. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा दचकलात आणि लहान पोरासारखे हसलात, "कधी आलीस गं?"

दुसऱ्या दिवशी तिने तुम्हाला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तुम्हाला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बोट वर करा म्हणाले, आणि तुम्ही बोट वरच करेनात. डॉक्टर म्हणाला, हे बऱ्याच वर्षांचं आहे, हळूहळू होतं, माणसाला पत्ता लागत नाही. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. शिट्टी, पाखरं, बायकांचा आवाज. लेक म्हणाली, "बाबांना सोयीचंच झालं." डॉक्टर हसला, पण तुम्ही हसला नाहीत. अर्थात, तुम्हाला ऐकूच आलं नसणार.

परत येताना तिने तुमच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, आईला सोडून इथे का येऊन राहिलात? आणि तुम्ही सांगितलंत, "तुझ्या आईने मला हाक मारणं सोडलं. आधी जेवायला बोलवायची, दारात येऊन भांडायची. मग नुसती यायची, ताट ठेवायची आणि जायची. मला कळलं, हिचं माझ्याशी बोलायचं संपलं."

लेकीने हे सांगितलं तेव्हा माझा पाय मशीनवर होता. ताडपत्री पुढे सरकत राहिली, टाके कुठल्या कुठे गेले.

अहो, मी हाका मारत होते. रोज मारत होते. स्वयंपाकघरातून, उंबऱ्यातून, तुमच्या पाठीमागे उभी राहून. एक, दोन, तीन. तुम्ही वळून बघायचा नाहीत. मला वाटलं, झाला आता मोठा माणूस. बक्षीस मिळालं, आता बायकोच्या हाकेला ओ कशाला द्यायची? म्हणून मग मी तोंड मिटलं आणि ताट आणून आपटायला लागले, चांगलं वाजेल असं. तुम्हाला ते आपटणंसुद्धा ऐकू आलं नाही. तुम्हाला वाटलं, किती हळूच ठेवून गेली.

तुम्ही माझ्या हाकेची वाट बघत बसलात, मी तुमच्या "आलो"ची वाट बघत उभी राहिले, आणि मधल्या मधे अन्न निवून गेलं.

आणि ज्या घाईवर पंगतीत सगळे हसले ना, ती तोवर तुम्हाला ऐकू येईनाशी झाली होती. तुम्ही गेलेल्या माणसाची गंमत सांगावी तशी माझी गंमत सांगत होतात. मला आता कळतंय. शेवटची शेवटची चित्रं पण म्हणूनच तशी झाली, कोपऱ्यापर्यंत कोंबलेली, जड. मी मनात म्हणायचे, वय झालं.

आता पुढचं. चित्रं मी स्वतः घेऊन येतेय. मालकाने जुनी तंबूची कापडं दिलीत, त्यात एकेक गुंडाळतेय. तोच टेम्पोवाला येणार आहे. मी मागे चित्रांबरोबर बसेन. टेम्पो सरळ संग्रहालयात जाईल, तुमच्या स्टुडिओच्या गल्लीतून जाणारसुद्धा नाही. चित्रं आधी भिंतीवर लागतील. मग तुम्ही या आणि बघा. त्यानंतरही तुम्हाला लेकीला हात काढावासा वाटला, तर माझ्यासमोर काढा. मी अडवणार नाही. तुमचं चित्र, तुमची लेक.

पण माझ्यासमोर.

१६ मार्च

तुमचं पत्र आलं. एकच ओळ आहे. "मग मी कुठे थांबायचं, ते मला कोण सांगणार?"

एवढंच होतं तर आधी लिहायचंत. गवत कशाला काढत बसलात?

बुधवारी पोचते.

२४ मार्च

अहो,

तुमच्या मागे दोन हातांवर स्टुलावर बसून हे लिहितेय. कानातलं यंत्र तुम्ही खणात टाकून ठेवलंय, कानात किडा बसल्यासारखं होतं म्हणता. आणि ओरडून माझा घसा बसलाय. म्हणून कागद. लिहून झाला की हातात देईन, आत्ता मधे मधे करू नका.

काल तुम्ही दालनांतून फिरत होतात तेव्हा मी मुद्दाम मागे राहिले.  तुम्ही नदीतल्या ट्रकांपुढे थांबलात. डेपोतल्या ड्रायव्हरपुढे थांबलात. डॉक्टरांच्या भट्टीपुढे संग्रहालयातला चित्रं दुरुस्त करणारा माणूस कापसाच्या बोळ्याने गवत पुसून काढत होता. रंग ताजा होता म्हणून निघाला बिचारा. डॉक्टर शेजारी उभे राहून त्यालाच शिकवत होते, "हळू. हळू. जोर लावू नका. दुखलं तर सांगायला सांगा." तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवलात. त्यांनी खांदा काढून घेतला नाही.

मग लेकीचं चित्र. लेक तिथेच उभी होती, ड्यूटीवरून सरळ आलेली, डोळे तारवटलेले. तुम्ही खिशातून ब्रश काढलात. प्रदर्शनवालीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठलेत, अजून आहेत. मी शब्द दिला होता, म्हणून तोंड उघडलं नाही. जन्मात पहिल्यांदा.

तुम्ही लेकीचा हात हातात घेतलात. उलटा केलात, सुलटा केलात. बोटांची सालटं बघितलीत. मग चित्रातल्या कोऱ्या कापडाकडे बघत राहिलात. मी म्हटलं, आता काढणार. आणि तुम्ही ब्रश तिच्याच हातात दिलात आणि म्हणालात, "राहू दे. झोपलीय ती."

मी दालनाबाहेर जाऊन पाणी प्यायले. कुणी बघितलं नाही.

नंतर आपण इथे स्टुडिओत आलो आणि तुम्ही ते मोठं चित्र दाखवलंत. मी विचारलं, "हे काय आहे?" तुम्ही माझ्या ओठांकडे बघून म्हणालात, "सगळं."

"सगळं आहे म्हणूनच काही दिसत नाही."

मला वाटलं चिडाल. मी तयारीने आले होते. तुम्ही त्या चित्राला दोन्ही हातांनी धरलंत आणि भिंतीकडे वळवलंत. इतकं जड झालंय ते, की लेकीला टेकू द्यावा लागला. मग खोलीत इकडे तिकडे बघायला लागलात. उद्या संध्याकाळी लोक येणार आणि दर्शनी भिंत रिकामी.

चित्रांना गुंडाळून आणलेलं कापड कोपऱ्यात पडलं होतं. तुम्ही ते उचललंत, शिवणीवरून अंगठा फिरवलात. "तुझीच आहे," म्हणालात. मग दुसरी कुणाची असणार? लेकीने चौकट धरली, मी कापड ताणलं, तुम्ही खिळे मारले. एक माझ्या बोटावर मारलात. त्याचा हिशेब नंतर.

सकाळपासून रंगवताय. ताडपत्री घातलेला टेम्पो आहे, मागे गुंडाळलेल्या सामानावर एक बाई बसलीय. नाक फार लांब केलंय, माझं एवढं नाही. पण बसायची तऱ्हा माझी आहे, भांडायला निघाल्यासारखी.

मघाशी प्रदर्शनवाली दारातून डोकावली. "मावशी, उद्यापर्यंत होईल?" तिला म्हटलं, तू आधी जाऊन काहीतरी खा, तोंड सुकलंय तुझं. लेक खाली कूकर लावायला गेलीय, दुकानदाराच्या गॅसवर. शिट्टी मी ऐकेन.

तुम्हाला नवी सवय लागलीय. थोडं रंगवता आणि मान वळवून माझ्या तोंडाकडे बघता. आधी वाटलं, चित्रासाठी बघताय. मग कळलं, कशासाठी बघताय ते. मला हसू आलं, तर तुम्ही ब्रश खाली ठेवायला निघालात. हसू नको तर काय करू? नुसतं तोंड मिटून बसवत नाही मला.

शिवणीच्या खाली आलात. रस्ता काढलात. टेम्पोचं मागचं चाक काढलंत, त्याखालची सावली काढलीत. आता उजवीकडे सरकताय. परत बघितलंत.

अजून नाही. समोर बघा.